श्रमछावणींतील तीन बहिणींचा पत्रसंग्रह

(१) अंजनी नदीच्या कांठचें एरंडोल हें गांव तेथील पांडववाड्यामुळें बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांस त्याची ओळख दुसऱ्याहि एका कारणानें असावयास हवी. जुन्या सरकारी गॅझेटियरांत एरंडोलची नोंद जाड्याभरड्या देशी कागदाच्या धंद्याचें गांव म्हणून झालेली आहे. ज्या गांवानें लोकांस लिहावयास कागद दिला, त्याच गांवांत राहून आम्हीं स्वतःच्या घरचा कागद कसा गमावला, तें सांगून प्रस्तुत लेखास आरंभ करणें आम्हांस उचित वाटतें.

आम्हांस दोन आत्या होत्या. थोरली पारोळ्यास व धाकटी चोपड्यास दिलेली. थोरलीचें उत्तरायुष्य आमच्या घरीं गेलें. तिच्या निधनानंतर तिची पत्र्याची पेटी आम्हीं उघडली. आम्ही त्या काळीं संस्कृत पोथ्यांच्या शोधांत असल्यामुळें पेटींत कांहीं पोथी मिळेल अशी आशा होती. निघाले ते धाकटीनें लिहिलेल्या पोस्टकार्डांचे दोन जुडगे. चारदोन कार्डें चाळून, ‘येथील सर्व क्षेम’ यापलीकडे यांत कांहीं नाहीं, असा निर्णय आम्हीं दिला आणि दिवाळीच्या झाडलोटींत तीं रद्दींत घातलीं. पुढें बऱ्याच वर्षांनीं धाकट्या आत्येनें बोलतां बोलतां सांगितलें कीं, १९७२ सालच्या दुष्काळांत तिला हातांतल्या पाटल्या मोडाव्या लागल्या. सासरच्या माणसांदेखत तें उघड लिहितां येईना, म्हणून तिनें बहिणीला एवढेंच कळविलें होतें, ‘पाटल्या सैल होतात, काढून ठेविल्या आहेत.’ थोरलीला त्यांतला अर्थ कळला व तिनें धान्याची सोय केली. आम्हीं मात्र तें कार्ड वाचलें असेल तर वाचून टाकून दिलें. संस्कृत व्याकरण शिकलेल्या माणसास मराठी पोस्टकार्ड वाचतां आलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस अद्याप सलते.

ही रुखरुख मनांत असतांना न्यूयॉर्क येथील सार्वजनिक ग्रंथालयांत असलेल्या एका पत्रसंग्रहाची माहिती आमच्या वाचनांत आली. तोहि बहिणीबहिणींचाच पत्रव्यवहार आहे. भेद एवढाच कीं, तो दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन श्रमछावण्यांत चालला आणि ज्या मुलीकडे तो आला तिनें तो प्राणापलीकडे जपला. त्या संग्रहाचें स्वरूप, तो निर्माण होण्याचीं कारणें व तो कसा वाचावा, या तीन गोष्टींचें विवेचन येथें योजिलें आहे.

(२) संग्रहाचें स्वरूप. संग्रह साला गार्न्त्साश या यहुदी मुलीचा. त्यांत सुमारे साडेतीनशें पत्रें, पोस्टकार्डें, छायाचित्रें व किरकोळ कागद आहेत. बहुतेक कागद १९४० ते १९४५ या काळांतील आहेत. भाषा तीन : पोलिश, जर्मन व यिद्दिश. यिद्दिश ही पूर्व यूरोपांतील यहुद्यांची बोली असून तिचा पिंड जर्मन व लिपी हिब्रू आहे. मोडी लिपींत गुंतलेली मराठी वाचण्याची ज्यांस सवय आहे, त्यांस भाषा एका कुळांतली व लिपी दुसऱ्या कुळांतली या प्रकाराचें नवल वाटूं नये. पत्रें लिहिणारीं माणसें म्हणजे बहिणी, आईबाप, आप्त, मैत्रिणी व छावणींतील सोबती. यांत सेनापति नाहीं, मुत्सद्दी नाहीं, कीं कोणी ग्रंथकारहि नाहीं.

संग्रहाचा एक विशेष आमच्या वाचकांच्या तत्काळ लक्षांत येईल. हें सारें दप्तर आवकेचें आहे. सालाला आलेलीं पत्रें उरलीं. तिनें घरीं धाडलेलीं बहुतेक पत्रें ज्या घरांत गेलीं त्या घराबरोबरच नाहींशीं झालीं. आपल्याकडील अनेक सरदारी दप्तरांची हीच गत आहे. उत्तर हातीं असतें, प्रश्न अनुमानानें बसवावा लागतो. ‘तूं लिहितेस कीं तुला बरें आहे’, अशा धर्तीचें वाक्य उत्तरांत आलें कीं मूळ पत्राची एक ओळ परत मिळते. ती ओळ खरी होती कीं धीर देण्यासाठीं लिहिलेली, हा पुढचा प्रश्न.

(३) पूर्वपीठिका. महाराष्ट्रास यहुदी समाज अपरिचित नाहीं. कोंकणांत ‘शनवार तेली’ या नांवानें ओळखले गेलेले बेने इस्राएल पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आले व त्यांनीं बायबलांतील कथांवर मराठी कीर्तनेंहि केलीं. येथें त्यांच्या धर्मास कोणी उपद्रव दिला नाहीं. पोलंडांतील यहुद्यांचें प्राक्तन निराळें होतें.

साला हिचा जन्म १९२४ च्या मार्च महिन्यांत सॉस्नोव्हिएत्स या गांवीं झाला. हें गांव पोलंडच्या नैऋत्येस दगडी कोळशाच्या मुलखांत आहे. बाप धर्मनिष्ठ व शिकवण्या करून राहणारा, घरची स्थिति बेताची, अकरा अपत्यांत ही सर्वांत धाकटी. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या आठवड्यांतच जर्मन सैन्य गांवांत शिरलें. थोड्याच दिवसांत हा मुलूख जर्मन राज्यास जोडून घेण्यांत आला. ही शेवटली गोष्ट राजकीय नकाशापुरती नाहीं, पत्रसंग्रहाच्या दृष्टीनेंहि ती महत्त्वाची आहे. तिचा उलगडा पुढें होईल.

ऑक्टोबर १९४० मध्यें हिमलर यानें आल्ब्रेख्त श्मेल्ट नामक अधिकाऱ्यास या भागांतील परकी मजुरांचा विशेष अधिकारी नेमलें. श्मेल्टच्या कचेरीनें यहुदी तरुण-तरुणींची वेठ धरून त्यांस रस्त्यांच्या कामांवर व कारखान्यांत मजूर म्हणून पुरविलें. मोबदला कारखानदाराकडून कचेरीस मिळे. राबणाऱ्याच्या हातीं नांवापलीकडे कांहीं पडत नसे. १९४३ च्या आरंभापर्यंत अशा वेठकऱ्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. माणसें निवडून देण्याचें काम यहुद्यांच्याच पंचायतीवर लादलेलें होतें. या प्रांतांतील पंचायतींचा मुख्य मोझेस मेरिन हा होता. हुकूम जर्मनांचा, यादी पंचायतीची, अशी ही रचना होती. त्यामुळें बोलावण्याच्या कागदावर शेजाऱ्याचीच सही असे.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. मराठींत ‘छावणी’ हा एकच शब्द लष्कराच्या तळास, निर्वासितांच्या वस्तीस व बंदिवासास लावला जातो, म्हणून घोटाळा होतो. आउश्वित्झसारख्या ठिकाणीं माणसें विषारी वायूनें मारण्याची यंत्रणाच उभी होती. श्रमछावणीचा हेतु काम पिळून घेण्याचा. तेथें मृत्यु उपासमारीनें, आजारानें, मारानें येई. आणि जो कामास निरुपयोगी ठरे, त्याची रवानगी पुढें आउश्वित्झकडे होई. तेव्हां श्रमछावणींत जगणें याचा अर्थ रोज कामाच्या लायक दिसणें, असा होता.

(४) तीन बहिणी. १९४० च्या ऑक्टोबरांत गार्न्त्साश यांच्या घरीं पंचायतीचा कागद आला. बोलावणें सालाची थोरली बहीण रायझल हिला होतें. मुदत सहा आठवड्यांची. रायझल नाजूक प्रकृतीची, पुस्तकांत रमणारी, धर्माचारांत काटेकोर. साला सोळा वर्षांची, धीट व चपळ. तिनें ‘हिच्याऐवजीं मी जातें’ असें ठरविलें, व २८ ऑक्टोबर रोजीं ती गेपर्सडॉर्फच्या छावणीकडे निघाली. सहा आठवड्यांचीं पुढें जवळ जवळ पांच वर्षें झालीं व छावण्या सात झाल्या.

रायझलनें या ऋणाची फेड लेखणीनें केली, असें संग्रह पाहून म्हणावें लागतें. घरचीं पत्रें बहुशः तिच्या हातचीं आहेत. आईबापांच्या वतीनें लिहावयाचें, दुसरी बहीण ब्लिमा हिचा निरोप घालावयाचा, पत्र आलें नाहीं कीं रागवावयाचें, आलें कीं सणाच्या दिवसापर्यंत तूं परत येशील अशी आशा धरावयाची, हा तिचा क्रम. जी घरीं राहिली तिनें लिहिलें व जी गेली तिनें जपलें. या दोन कृत्यांनीं मिळून हें दप्तर झालें आहे.

स्टेशनावर सालास आला गेर्टनर ही तिच्याहून बारा वर्षांनीं वडील असलेली स्त्री भेटली. आलास जर्मन चांगली येत असल्यामुळें तिला छावणीच्या कचेरींत काम मिळालें. तिनें सालास धाकट्या बहिणीप्रमाणें संभाळलें. गेपर्सडॉर्फ येथें पुरुष मोठ्या मोटाररस्त्याच्या बांधकामावर राबत; थोड्या स्त्रिया होत्या त्यांकडे छावणीचें घरकाम असे. आला पुढें घरीं परतली, पण सालास पत्रें लिहीत राहिली. तिचीं पत्रें संग्रहांत आहेत.

(५) टपाल कसें चाललें. बंदिवानांस पत्रें येत व जात, हें ऐकून प्रथम आश्चर्य वाटतें. त्याचीं कारणें दोन. सॉस्नोव्हिएत्स हा मुलूख जर्मन राज्यास जोडलेला असल्यामुळें तेथें जर्मन टपालखात्याचा नेहमींचा कारभार चालू होता, हें एक. दुसरें, श्मेल्टच्या छावण्या आरंभीं मोठ्या कैदछावण्यांच्या खात्याखालीं नव्हत्या व त्यांचे नियम निराळे होते. पत्रांमुळें बंदिवान शांत राहतात व घरचीं माणसें पुढल्या बोलावण्यास फारशी कुरकुर करीत नाहींत, हा लाभ अधिकाऱ्यांस दिसला नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून ज्या कार्डावर बहिणीची माया आहे, त्याच कार्डावर हिटलरच्या मुखवट्याचें तिकीट व तपासनिसाचा शिक्का आहे. पुढें पत्रें जर्मन भाषेंतच असावीं असा निर्बंध आला, कारण तपासणाऱ्यास तीच कळे. ज्यांनीं जन्मभर बहिणीशीं यिद्दिशमध्यें किंवा पोलिशमध्यें गुजगोष्टी केल्या, त्यांस मारणाऱ्याच्या भाषेंत प्रेम लिहावें लागलें.

(६) वाचनाची रीति. अशा पत्रांचें वाचन करतांना संशोधकानें तीन कसोट्या लावाव्या, असें आम्ही सुचवितों. पहिली, मजकुराआधीं कागद वाचावा. तारीख, टपालाचा छाप, तपासणीचा शिक्का, पत्त्यांतील छावणीचें नांव, यांवरून माणूस कोठें व केव्हां होता हें ठरतें. मजकूर त्याबाबत बहुधा मुका असतो. दुसरी, भाषा कां बदलली हें पाहावें. पोलिशची जर्मन झाली त्या ठिकाणीं लिहिणाऱ्याची रुचि बदललेली नाहीं, हुकूम बदललेला आहे. तिसरी व सर्वांत अवघड, मौन वाचावें. कालपर्यंत ज्याचा नमस्कार येत होता त्याचें नांव एका पत्रांतून गळलें, तर तें विसरणें समजूं नये. क्षेमकुशल हा पत्राचा सांप्रदायिक मायना असतो हें खरें. पण तपासणीखालीं लिहिलेल्या पत्रांत ‘आम्ही सुखरूप आहों’ याचा खरा अर्थ ‘आम्ही अद्याप आहों’ इतकाच असतो. आमच्या आत्येचें पाटल्यांचें वाक्य वाचतां न आल्यामुळें आम्ही हें अधिकारवाणीनें सांगत नाहीं. चूक करून शिकलेला माणूस म्हणून सांगतों.

(७) पत्रें कशीं वांचलीं. छावणींत स्वतःची म्हणून वस्तु बाळगणें धोक्याचें होतें. झडत्या होत, एका छावणींतून दुसरीकडे बदली होई, हजेरीस तासन् तास उभें राहावें लागे. सालानें पत्रें कधीं अंगावर लपविलीं, कधीं मैत्रिणीच्या स्वाधीन केलीं, कधीं बराकीच्या आसपास दडविलीं, व प्रत्येक बदलीच्या वेळीं बरोबर नेलीं. तीं सांपडलीं असतीं तर जबर शिक्षा झाली असती.

पत्रानें पोट भरत नाहीं, मग हा धोका तिनें कां पत्करला? पत्र हातीं असेपर्यंत ती एका घरची मुलगी होती. तें नसतें तर केवळ एक कामकरी हात उरला असता. श्रमछावणीचा सारा उद्योग माणसाचें नांव काढून घेण्याचा असतो व पत्राच्या मायन्यांत तें नांव रोज परत मिळतें. वाढदिवसास सोबत्यांनीं हातानें काढून दिलेलीं शुभेच्छापत्रेंहि या संग्रहांत आहेत. ज्या ठिकाणीं उद्यांचा भरंवसा नाहीं, तेथें ‘शतायुषी हो’ या अर्थाचें चिटोरें कोणीतरी कष्टानें तयार करतें व कोणीतरी तें जिवापाड जपतें, याची गणना जगण्याच्या साधनांतच केली पाहिजे.

(८) शेवट. ऑगस्ट १९४२ मध्यें सॉस्नोव्हिएत्स येथील यहुद्यांस मैदानांत गोळा करून त्यांची निवड करण्यांत आली. सालाचे आईबाप आउश्वित्झकडे गेले व परत आले नाहींत. रायझल व ब्लिमा या दोघी नॉयझाल्त्स येथील छावणींत सुताच्या कारखान्यावर राबूं लागल्या. ज्या बोलावण्यांतून सालानें रायझलला सोडविलें होतें, तें अशा रीतीनें दोन वर्षांनीं तिच्यापर्यंत पोंचलेंच. पण त्या वेळीं कारखान्यांतील काम हेंच मरणापासूनचें आडोशाचें ठिकाण झालें होतें, हा दैवाचा फेर लक्षांत घेण्यासारखा आहे. ऑगस्ट १९४३ मध्यें उरलेली वस्तीहि उठविण्यांत आली. पत्र धाडावयास गांवांत कोणी उरलें नाहीं; टपाल आटत गेलें.

आला गेर्टनर हीहि आउश्वित्झला गेली. तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यांतून स्त्रियांनीं चिमटीचिमटीनें बंदुकीची दारू चोरून बंडाची तयारी करणाऱ्या कैद्यांस पोंचविली. ७ ऑक्टोबर १९४४ रोजीं तें बंड झालें. चौकशींत चार स्त्रिया पकडल्या गेल्या व जानेवारी १९४५ मध्यें त्यांस फांशीं देण्यांत आलें. आला ही त्यांपैकीं एक. तिच्या हातचीं पत्रें आज जगास पाहावयास मिळतात तीं तिच्या मानलेल्या धाकट्या बहिणीनें जपलीं म्हणून.

साला त्या वेळीं शाट्स्लार येथील कापडाच्या कारखान्यावर होती. मे १९४५ मध्यें रशियन सैन्य आलें व तिची सुटका झाली. रायझल व ब्लिमा यांस जानेवारी १९४५ मध्यें नॉयझाल्त्सहून थंडीच्या कडाक्यांत पायीं हांकण्यांत आलें. फ्लोसेनबुर्गमार्गें त्या बेर्गेन-बेल्झेनला पोंचल्या व एप्रिल १९४५ मध्यें ब्रिटिश सैन्यानें ती छावणी मुक्त केली तेव्हां जिवंत सांपडल्या. त्यांस उपचारासाठीं स्वीडनला नेण्यांत आलें. साला गांवीं परतली तेव्हां घरचें कोणी नव्हतें. बहिणी हयात आहेत ही वार्ताहि तिला पुढें कळली. अशा रीतीनें तिघी बहिणी वांचल्या.

(९) पेटी. सालानें एका अमेरिकन सैनिकाशीं विवाह केला व १९४६ मध्यें ती न्यूयॉर्कला गेली. त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षें तिनें छावणीविषयीं घरांत अवाक्षर काढलें नाहीं. १९९१ सालीं हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं तिनें मुलीच्या हातीं एक तांबडी पुठ्ठ्याची पेटी ठेविली. पेटी मुलांच्या खेळाची, आंत हीं पत्रें. मुलगी आन कर्शनर हिनें तीं लावून, भाषांतरें करवून २००६ मध्यें ग्रंथ लिहिला; संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयास देण्यांत आला व त्याच वर्षीं त्याचें प्रदर्शन झालें. श्मेल्टच्या छावण्यांविषयीं लोकांस पूर्वीं फारच थोडी माहिती होती. आंतल्या माणसाच्या हातचा, त्याच वेळचा व इतका सलग पुरावा हाच या संग्रहाचा मोठेपणा आहे. आठवणी मागाहून लिहिल्या जातात, त्यांत पुढलें ज्ञान मिसळतें. पत्र लिहिणाऱ्यास उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें. बखर व अस्सल पत्र यांतला जो भेद आमच्या वाचकांस तोंडपाठ आहे, तोच हा.

(१०) आपल्या घरीं. ही कथा दूरची आहे, असें वाटत असेल त्यांनीं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचें स्मरण करावें. १९४० व १९४१ मध्यें पूर्व पोलंडांतून सहस्रावधि कुटुंबें रशियन सरकारनें उत्तरेकडील जंगलांत व मध्य आशियांत नेऊन वेठीस लाविलीं. १९४१ च्या तहानंतर त्यांतलीं कांहीं सुटून इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं. १९४३ ते १९४८ पर्यंत वळिवडे येथील वस्तींत सुमारे पांच हजार पोलिश माणसें राहिलीं. त्यांत स्त्रिया व मुलेंच फार, पुष्कळ मुलें पोरकीं. हीं बहुतांशीं ख्रिस्ती होतीं व येथें तीं वेठीस नव्हे तर आश्रयास आलीं होतीं, हा भेद विसरूं नये. पण जंगलांत लांकडें तोडून जगलेल्या बहिणी वळिवड्याच्या घरांत बसून हरवलेल्या भावांचा, बापांचा पत्रानें शोध घेत असतील, हें सांगावयास निराळा पुरावा नको. ती वस्ती उठल्यावर तेथें सिंधी निर्वासित आले व त्याचें गांधीनगर झालें. पोलिश मृतांचीं थडगीं कोल्हापुरांत आहेत.

त्या पांच वर्षांत तेथल्या वाण्यास, शिंप्यास, मास्तरास, डॉक्टरास त्या स्त्रियांनीं लिहिलेल्या चिठ्ठ्या, हिशेबाचे कागद, निरोपाचीं छायाचित्रें दक्षिण महाराष्ट्राच्या घरांतून कोठेंतरी असतील. लिपी ओळखीची नाहीं म्हणून घरच्यांनीं तीं टाकूं नयेत. राजवाडे यांनीं आयुष्याचीं शेवटलीं वर्षें धुळ्यांत घालविलीं. वाण्याच्या दुकानांतल्या रद्दींतहि इतिहास असतो हा धडा खानदेशास त्यांच्या उदाहरणानें मिळालेला आहे. परंतु आम्हीं तो धडा मोडींतल्या राजकीय कागदांपुरता घेतला. बायकांच्या पेट्या आमच्या शोधाच्या बाहेर राहिल्या.

पोथी पुरी झाल्यावर जुना लेखक तेल, पाणी व सैल बंधन यांपासून तिला राखण्याची विनवणी वाचकास करीत असे. त्यांत रद्दीवाल्याचें नांव नाहीं, व आमच्यासारख्या अर्धवट जाणत्याचेंहि नाहीं. आमच्या धाकट्या आत्येच्या पेटींतलें एकच कार्ड अखेर आमच्या हातीं आलें. थोरलीनें पारोळ्याहून धाडलेलें. त्यावर क्षेमकुशलाच्या खालीं एवढेंच आहे कीं, दोन पायली बाजरी गाडीवानाबरोबर धाडली आहे, पोंच कळवावी. पोंच कळविलेलें कार्ड आम्हींच रद्दींत घातलें. हें कार्ड आम्हीं कापडांत बांधून, तारीख घालून, पोथ्यांच्या रुमालांतच ठेविलें आहे.